बॅटरी उतरलीय की मेलीय? घरच्या घरी बाईकची बॅटरी तपासायची आणि चार्ज करायची पद्धत

गणपतीला गावी आलो की दरवर्षी निदान दोनतीन घरांत तरी हीच गोष्ट ऐकू येते. पडवीत ताडपत्री टाकून ठेवलेली गाडी, सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक, हॉर्न घसा बसल्यासारखा, आणि मग कोणीतरी म्हणतं बॅटरी मेली, तालुक्याला जाऊन नवीन टाकून आणा. आणि माणसं खरंच जातात, रिक्षा करून जातात, हजार दीड हजार घालून येतात, आणि पुढच्या गणपतीला परत तेच. माझं म्हणणं इतकंच की उतरलेली बॅटरी वेगळी आणि मेलेली बॅटरी वेगळी, आणि यातली कुठली आहे ते घरी बसून कळतं, त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, दोनतीनशे रुपयांत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ज्याच्या घरी दुचाकी आहे त्याच्या घरी तो असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पण मीटर काढायच्या आधी फुकटात बघण्यासारख्या गोष्टी बघून घ्या. किल स्विच ऑफ नाही ना, गाडी न्यूट्रलला आहे ना, साईड स्टँड वर आहे ना (नवीन बऱ्याच गाड्या स्टँड खाली असला तर चालू होत नाहीत). मग चावी फिरवून हॉर्न वाजवा. हॉर्न खणखणीत, लाईट प्रखर, तरी सेल्फ घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, स्विच, स्टार्टर रिले नाहीतर मोटर यातलं काहीतरी आहे. हॉर्न मेंगळट, न्यूट्रलचा हिरवा दिवा मिणमिणता आणि सेल्फ दाबला की टकटक होऊन तो दिवाही मरतो, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल (बॅटरीवरचे प्लस मायनसचे खुंट, जिथे वायर आवळतात) सैल आहे. आणि काहीच नाही, दिवा सुद्धा नाही, तर आधी फ्यूज बघा. बॅटरीच्या शेजारीच छोट्या डबीत असतो, काचेचा किंवा पात्याचा, आणि त्याच डबीत बहुतेक वेळा एक स्पेअर ठेवलेला असतो. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, तार गुंडाळून जुगाड करू नका, शॉर्ट असेल तर वायरिंग पेटतं.

आता बॅटरी काढायची. सीटखाली किंवा साईड पॅनलच्या आत असते. हातातलं घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे हसतात, पण पाना प्लसवर असताना कडं चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) टेकलं तर लाल होईपर्यंत तापतं आणि ते मनगटावर असतं. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना किंवा स्टार स्क्रू ड्रायव्हर लागतो. आधी मायनस काढायचा, मग प्लस. बसवताना उलटं, आधी प्लस, मग मायनस. कारण सगळी चॅसी मायनसला जोडलेली असते. मायनस आधी सोडवला की मग प्लस खोलताना पाना चुकून चॅसीला लागला तरी काही होत नाही. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधी काढू नका, व्होल्टेज एकदम उसळी मारतं आणि बल्ब, रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा), ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) काहीही जाऊ शकतं. पूर्वी लोक असं करून चार्जिंग तपासायचे, ती सवय सोडा.

टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवटनिळा फुलोरा आला असेल तर निम्मा आजार तोच असतो, कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास. खाण्याचा सोडा चमचाभर, कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. पाण्याची बॅटरी (जिच्यात बुचं काढून पाणी घालता येतं ती) असेल तर वरची बुचं घट्ट लावलेली पाहिजेत, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. फेस येऊन थांबला की पुसून कोरडं करा, वायरच्या कड्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. व्हॅसलीन आता लावू नका, ते शेवटी.

आता मीटर. डायल डीसी २० व्होल्टवर, लाल काडी प्लसला, काळी मायनसला. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, एकेक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी १२ नाही तर १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, ११.८ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. लोक इथेच फसतात, मीटरवर १२.१ बघून म्हणतात बारा व्होल्ट तर आहे की, बॅटरी चांगली आहे. नाही, ती अर्ध्याच्याही खाली आहे. आणि आकडा साडेदहाच्या आसपास अडकलेला असेल, चार्ज करूनही वर येत नसेल, तर एक सेल शॉर्ट झालाय, हिशोब सरळ आहे, साडेबारातून दोन वजा. ती बॅटरी मेली. मापायच्या आधी गाडी चालवली असेल किंवा चार्जरवरून नुकतीच काढली असेल तर काही तास थांबून मापा, लगेच मापलं तर वरवरचं व्होल्टेज जास्त दिसतं.

मागच्या वर्षीचं आमच्याच घरचं सांगतो. गाडी जुनी १५० सीसी, कार्बोरेटरवाली, ९ एएचची (एएच म्हणजे अँपिअर अवर, बॅटरीत किती करंट मावतो त्याचं माप) पाण्याची बॅटरी. चुलतभाऊ रोज वापरायचा, ऑगस्टच्या सुरुवातीला तो नोकरीला पुण्याला गेला आणि गाडी साधारण पंचवीस दिवस तशीच उभी. मी पोचलो तेव्हा काका म्हणाले, अरे नवीनच टाकून टाक, कशाला खटपट, सणाचे दिवस. मीटर लावला तर ११.८. मी म्हटलं काका उद्या सकाळपर्यंत थांबा. बॅटरी काढली, उजेडात धरली. पाण्याच्या बॅटरीचं अंग पांढरट अर्धपारदर्शक असतं आणि त्यावर अप्पर आणि लोअर अशा दोन रेघा असतात. मागे मोबाईलचा टॉर्च लावला की आतल्या पाण्याची पातळी स्पष्ट दिसते. सहातले चार कप्पे मधोमध होते आणि टोकाचे दोन लोअरला टेकलेले. प्लेटा उघड्या पडल्या नव्हत्या म्हणून मला आशा होती. प्लेटा उघड्या पडून वाळल्या की त्यांच्यावर सल्फेट घट्ट बसतं आणि तो भाग परत काम करत नाही.

पाणी घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोलपंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं, स्वस्त असतं. विहिरीचं नाही, आरओचं नाही, बाटलीतलं मिनरल वॉटर तर अजिबात नाही, त्यात क्षार असतात आणि ते प्लेटांवर बसतात. ॲसिडही घालायचं नाही. आतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं, त्यामुळे परत ॲसिड घातलं की ते जास्त कडक होऊन प्लेटा खातं. (ॲसिड सांडून कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी, ते दुकानातच करून घ्या.) प्लेटा बुडतील इतकं पाणी आधी घाला, अप्परपर्यंतचं शेवटी चार्ज झाल्यावर घाला, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि काठोकाठ भरलेलं असेल तर बाहेर येतं. सुई काढलेली सिरिंज याला उत्तम. तुमची बॅटरी वरून बंद असेल, बुचं नसतील, मेंटेनन्स फ्री लिहिलं असेल, तर ती उचकटून उघडायची नाही आणि तिच्यात पाणी घालायचा प्रश्नच नाही.

चार्जर कुठला. साधा नियम, बॅटरीच्या एएचचा दहावा भाग अँपिअर. ९ एएचला ०.९, म्हणजे एक अँपिअरचा चार्जर चालेल. १०० सीसीच्या गाडीत ३-४ एएच असते, तिला ०.३-०.४ पुरे. जुन्या सेल्फवाल्या बुलेटला १४ एएच, तिला दीडपर्यंत. कारचा ६ किंवा १० अँपिअरचा चार्जर बाईकला लावायचा नाही, बॅटरी तापते, उकळते, प्लेटा वाकतात. लॅपटॉपचा अडॅप्टर १९ व्होल्टचा असतो, व्हिडिओत काहीही दाखवू देत, तो लावू नका. भरल्यावर आपोआप थांबणारा स्मार्ट चार्जर मिळाला तर सगळ्यात चांगलं, विशेषतः बंद बॅटरीसाठी, कारण बंद बॅटरीत जास्त चार्जिंगने उडालेलं पाणी परत घालता येत नाही. एक अडचण येते, बॅटरी फारच खाली गेली असेल तर स्मार्ट चार्जर तिला ओळखतच नाही, एरर दाखवतो. तेव्हा दुकानात साध्या चार्जरवर थोडा वेळ लावून घ्या आणि मग घरी आणून स्मार्टवर लावा. लिथियम बॅटरी असेल तर यातलं काहीच लागू नाही, तिला तिचाच चार्जर.

किती वेळ लावायची तोही हिशोब घरचाच. ९ एएचची अर्धी उतरलीय, म्हणजे साडेचार एएच भरायचंय, ०.९ ने पाच तास, थोडं वाया जातं म्हणून सहा सात धरा. पूर्ण उतरलेली असेल तर दहाबारा. आमच्याकडे मध्ये लाईट जाते त्यामुळे मी घड्याळ न बघता मीटर बघतो.

जागा फार महत्त्वाची. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. गणपतीत घराघरात समई, निरांजन, उदबत्ती चालू असते, नंदादीप रात्रभर असतो, आणि माझ्या डोळ्यासमोर एका घरात बॅटरी माजघरात, मखराच्या पाठीमागच्या प्लगला लावलेली होती, मी हात धरून काढायला लावली. पडवीत, अंगणात, वारा खेळेल अशा जागी ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. बुचं असलेल्या बॅटरीची बुचं सैल करा आणि बाजूची बारीक वाफेची नळी मोकळी आहे ना बघा. आधी चिमटे लावायचे, लाल प्लसला काळा मायनसला, मग भिंतीवरचं बटण चालू करायचं. काढताना आधी बटण बंद. चालू चार्जरचे चिमटे ओढले की ठिणगी बरोबर तिथेच उडते जिथे गॅस असतो. ॲसिडचा थेंब हातावर उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर पंधरावीस मिनिटं पाणी मारत राहा आणि डॉक्टरकडे जा, वाट बघू नका. चष्मा लावून काम करा. आणि हो, बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते असं आजही लोक सांगतात, आताच्या प्लास्टिकच्या बॅटरीला तसलं काही होत नाही, खाली फळी ठेवायची ती फक्त जमिनीवर ॲसिड सांडू नये म्हणून.

चार्जिंग संपत आलं की पाण्याची बॅटरी स्वतःच सांगते कुठला सेल कसा आहे. बुचांच्या भोकातून टॉर्च मारून बघा, मात्र तोंड अगदी वर नेऊ नका. चांगल्या सेलमध्ये सोडा वॉटरसारखे बारीक बुडबुडे येतात, सारखे, एका लयीत. आमच्या बॅटरीत रात्री साडेदहाला पाच कप्पे बुडबुडत होते आणि प्लसकडून दुसरा गप्प. मला वाटलं गेली. अजून दीड तास ठेवली, तेव्हा त्यातही हळूहळू एकेक बुडबुडा सुटायला लागला. तो सेल मागे पडला होता, मेला नव्हता. पाच सेल उकळतायत आणि एक शेवटपर्यंत थंड, तर मात्र तो सेल गेला. मधून मधून हात लावून बघा, कोमट ठीक, हात ठेववत नाही इतकी तापली तर लगेच बंद करा.

चार्ज झाली की लगेच गाडीत बसवायची घाई नको. रात्रभर नुसती ठेवा, वायर न जोडता. सकाळी मापा. १२.६ किंवा वर, तर उत्तम. रात्रीत स्वतःच १२.२ च्या खाली आली तर ती धरून ठेवत नाही, नवीन घ्यायची वेळ झाली. आमची सकाळी १२.६४ होती. मग दुसरी परीक्षा, गाडीत बसवून मीटरच्या काड्या टर्मिनलवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. आकडा खाली जाणारच, पण दहाच्या वर राहायला हवा. नऊच्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही, आकडा कितीही चांगला असो.

इथे बरेच जण थांबतात, आणि मग पंधरा दिवसांनी परत उतरली की बॅटरीला शिव्या. बॅटरी का उतरली ते शोधलंच नाही तर नवीन टाकूनही तेच होणार. दोन गोष्टी तपासा. पहिली, गाडी बॅटरी चार्ज करते का. इंजिन चालू करा, काड्या टर्मिनलवर, रेस थोडी वाढवा. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग ठीक. रेस वाढवूनही साडेबाराच्या आसपासच तर रेग्युलेटर, मॅग्नेटोची (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) कॉईल किंवा मधला कपलर (वायरी जोडणारा प्लग) जळलेला, बघून घ्या. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय आणि तो पाणी उकळून उडवतोय, दर महिन्याला बॅटरीत पाणी कमी होतं त्याचं कारण बहुतेक हेच असतं.

दुसरी, गाडी बंद असताना करंट कोण खातंय. किल्ली बंद, बॅटरीचा मायनस काढा, मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात टाका, डायल १० अँपिअरवर, आणि मीटर मायनस वायर आणि मायनस टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. असं जोडलेलं असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही, मीटर जळेल. साध्या कार्बोरेटरच्या गाडीत जवळजवळ शून्य यायला पाहिजे. आमच्या गाडीत ०.०१ आणि ०.०२ च्या मध्ये खेळत होतं. हँडलवर भावाने मोबाईल चार्जिंगचं सॉकेट लावून घेतलं होतं, डायरेक्ट बॅटरीवरून, त्यात एक निळा दिवा कायम पेटलेला. सॉकेट काढलं, आकडा शून्य. आता बघा, साधारण १२ मिलीअँपिअर (०.०१२ अँपिअर) धरले तर काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाचे २४ तास धरले की रोज जवळपास ०.२९ एएच, पंचवीस दिवसांत सात एएच. नऊतले सात त्या निळ्या दिव्याने खाल्ले. अलार्म आणि जीपीएस ट्रॅकरही असेच गुपचूप खातात. काहीही बाहेरून लावून घेताना चावी बंद केली की बंद होईल अशा वायरवरून घ्या.

चार्जिंगला वेळच नसेल, आत्ता दवाखान्यात जायचंय, तर. गिअरच्या गाडीला धक्का स्टार्ट. चावी चालू, दुसरा गिअर (पहिल्यात मागचं चाक घासत थांबतं), क्लच दाबून ठेवायचा, दोघांनी पळत ढकलायची, वेग आला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिनाने पकडलं की परत दाबायचा. ॲक्टिवासारख्या स्कूटरला हे चालत नाही. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्या बहुतेक सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या, त्यांना पेट्रोलचा पंप चालवायला बॅटरी लागते. चावी फिरवल्यावर टाकीखालून दोन सेकंद झूं असा आवाज येतो ना, तो येत नसेल तर ढकलून दम घालवू नका. जुन्या काही गाड्यांत स्पार्कचा करंट थेट मॅग्नेटोतून येतो, त्या उतरलेल्या बॅटरीवरही किकला चालू होतात.

नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप. त्याचीही बारा व्होल्टच पाहिजे. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी उडाली तरी गॅसजवळ उडत नाही. कारवरून घेत असाल तर कारचं इंजिन बंद ठेवा. चालू झाली की उलट्या क्रमाने काढा आणि गाडी लगेच बंद करू नका, अर्धा पाऊण तास चालवा. एवढ्याने बॅटरी भरत नाही, फक्त घरापर्यंत येता येतं, चार्जरवर लावायचीच. आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटं उभ्यानेच चालू करून ठेवली की बॅटरी टिकते, हा समज चुकीचा आहे. सेल्फ मारताना जेवढं जातं तेवढंही आयडलवर परत येत नाही, त्यात २०१७ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांना हेडलाईट कायम चालू.

तपासून खरंच मेलेली निघाली तर नवीन घेताना एएच, लांबीरुंदी आणि प्लस कुठल्या बाजूला आहे हे तिन्ही जुनीशी जुळवा, जुनीचा फोटो मोबाईलवर घेऊन जा. वॉरंटी कार्डवर तारीख आणि शिक्का घ्या. पाण्याची बॅटरी कोरडी येते, दुकानात ॲसिड भरून मग तिला पहिलं चार्जिंग द्यावं लागतं, त्याला काही तास लागतात. मला एका दुकानदाराने ॲसिड ओतून दहा मिनिटांत हातात दिली होती, गाडी सुरूही झाली म्हणून मीही घेऊन आलो, आणि ती सात महिन्यांत बसली. तेव्हापासून मी सकाळी पैसे देऊन संध्याकाळी घेतो आणि समोर मीटर लावायला सांगतो. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या, किमतीतून थोडे पैसे कमी होतात. भंगारवाल्याला देऊ नका, ते ॲसिड ओढ्यात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. २०२२ च्या बॅटरी वेस्ट नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे, त्यामुळे दुकानदार नाही म्हणाला तर दुसरा बघा.

बसवताना आधी प्लस, मग मायनस, बोल्ट नीट आवळा पण शिशाचे टर्मिनल मऊ असतात, जोर लावून फिरवू नका. आता व्हॅसलीनचा पातळ हात दोन्ही टर्मिनलवरून फिरवा, प्लसवर रबरी टोपी घाला. वाफेची नळी चेनवर किंवा सायलेन्सरवर गळणार नाही अशी खाली सोडा आणि साईड पॅनल लावताना ती चेपत नाही ना एकदा बोट घालून बघा, चेपली तर आत गॅस कोंडतो.

आणि मुंबईला परत निघताना गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी चार्ज करून मायनस काढून ठेवा, वायरचं टोक चिकटपट्टीत गुंडाळा. पाण्याची बॅटरी नुसती पडूनही उतरते, उन्हाळ्यात जास्त, म्हणून महिन्यातून एकदा कोणीतरी चार्जरवर लावणारं पाहिजे, आमच्याकडे आता काका लावतात, तारीख कॅलेंडरवर लिहितात. टाकीवर एक कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, बॅटरीचा मायनस काढलाय. नाहीतर दिवाळीला कोणीतरी येईल, सेल्फ मारेल, काहीच झालं नाही म्हणून गाडी टेम्पोत घालून तालुक्याला नेईल.